गुरुवारचा बहिरेपणा

आठवड्यातले सहा दिवस मला स्वच्छ ऐकू येते. गुरुवारी संध्याकाळी येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ-संच आहे. माझे काम केवळ ऐकण्याचे; बोलण्याचे काम शेजारचा प्रेषक करतो. तो माझ्याहून तरुण आहे, आणि बोलणाऱ्यांना असतो तसा त्यालाही थोडा तोरा आहे. आम्ही दोघे हौशी रेडिओ क्लबच्या खोलीत राहतो. खाली शिंप्याचे दुकान, वर आम्ही. जिना अरुंद, खिडकी एकच. गच्चीवरच्या अँटेनाची तार त्या खिडकीच्या चौकटीतूनच आत येते.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला घडवणारे गृहस्थ तार ऑफिसात नोकरीला होते आणि नव्या उमेदवारांना मोर्सची लिपी शिकवत. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून त्यांनी माझा सांगाडा केला आणि औषधाच्या रिकाम्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून माझी वेटोळी केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी गृहपाठ करत असे.

"बाबा, हे टेबल आपलं आहे की याचं?" तिने एकदा विचारले.

"अर्धं तुझं आहे ना अजून?" मास्तर म्हणाले. "मग झालं तर."

पुढे मास्तरांनी क्लब काढला आणि मी या खोलीत आलो. एका वर्षी वादळाने टेलिफोनचे खांब आडवे केले, तेव्हा या शहरात बाहेरची ख्यालीखुशाली माझ्यातून आली. निरोप बहुधा एकाच साच्याचे होते: आम्ही सुखरूप आहोत, छप्पर गेले. त्याबद्दल समारंभ झाला. मास्तरांना मिळालेला फुलांचा गुच्छ त्यांनी कौतुकाने माझ्या डोक्यावर ठेवला. गुच्छातले पाणी माझ्या आत उतरले आणि मी महिनाभर अंथरुणाला खिळलो. कौतुकाचा माझा अनुभव एवढाच आहे.

मास्तर थकले, तेव्हा मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. ते शहर इथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. फोनवरचे बोलणे मास्तरांना आता समजत नाही. शब्द एकमेकांत मिसळतात. मोर्सचे मात्र तसे नाही. हेडफोन लावला की कड आणि कट्ट, म्हणजे मोर्सचे आखूड आणि लांब ठोके, त्यांना अजून वेगवेगळे ऐकू येतात. म्हणून मुलीने त्यांच्या घरच्या लहान संचासाठी बाल्कनीत अँटेनाची एक आखूड तार ताणून दिली, आणि क्लबने एक प्रथा पाडली. दर गुरुवारी सभेच्या सुरुवातीला रेडिओवर सभासदांची हजेरी घेतली जाते. त्यातली पहिली हाक मास्तरांना. ते उत्तर देत, चार वाक्ये बोलत, कोणाची तरी चूक काढत, आणि मग सभा सुरू होई.

मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसे अक्षर वेगळे असते. मास्तर प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या ठोक्यावर किंचित रेंगाळतात. आवाज बारीक असला तरी तो हात मी कुठेही ओळखला असता.

मग एका गुरुवारी मास्तरांचे उत्तर आले नाही.

त्या सुमारास खोलीत बरेच काही बदलले होते, हे नोंदवले पाहिजे. क्लबच्या चिटणीस म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या कॉलेजात असताना मास्तरांकडेच मोर्स शिकल्या. क्लबमध्ये नवीन माणसे येत नाहीत, याची त्यांना काळजी होती. त्यांनी स्वतःच्या दवाखान्याबाहेर असतो तसा एक दिव्यांचा फलक आणून खिडकीत लावला. त्यावर तांबडी अक्षरे डावीकडे सरकत जातात: परवाना परीक्षेचे वर्ग सुरू. लपलेला प्रेषक शोधण्याची स्पर्धा. वार्षिक मैदानी शिबिर, सर्वांना आमंत्रण. फलकासाठी खिडकीजवळची जागा हवी होती. म्हणून मला कोपऱ्यातल्या फळीवर हलवले. वीज वाचावी म्हणून फलक फक्त सभेच्या दिवशी लावत. शिंप्याने खालून पाहून फलकाची तारीफ केली. माझ्याबद्दल त्याने आजवर काही म्हटलेले नाही.

त्या गुरुवारपासून माझ्या कानात खरखर सुरू झाली. जवळची, दांडग्या आवाजाची केंद्रे त्यातूनही ऐकू येत. मास्तरांचा बारीक आवाज येत नसे. खरखर आहे एवढे मला कळते. ती कोठून येते ते कळत नाही, कारण माझ्या अँटेनाला दिशा समजत नाही. मी थकलो आहे, असेच मलाही वाटू लागले. वय झाले की इतरांनी आपल्याविषयी काढलेला निष्कर्ष आपण फारशी चौकशी न करता मान्य करतो.

"संच बहिरा झालाय," बेकरीवाला म्हणाला. हा सभासद भट्टी नोकरांवर सोपवून येतो आणि त्याने हात लावलेल्या प्रत्येक बटणावर पीठ राहते. "किती वर्षं ओढणार याला? मैदानी शिबिरासाठी नवीन घेऊ या."

"तुझ्या पावाला नावं ठेवली का मी कधी?" लिफ्टवाले काका म्हणाले. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि यंत्राचा अपमान त्यांना खपत नाही. "रविवारी येऊन तपासतो. मग बोल."

त्यांनी रविवारी सकाळी येऊन मला उघडले, धूळ झटकली, एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिला. मला दूरदूरची केंद्रे ऐकू आली. काकांनी झाकण लावले.

पुढच्या सभेत ते म्हणाले, "संच ठणठणीत आहे. म्हणजे दोष तिकडचा."

हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. शक्यता दोनच आहेत, हे मात्र कोणी सिद्ध केले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या मुलीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला.

"बाबा दर गुरुवारी बसतात, ताई," मुलगी म्हणाली. "तुमची हाक येते त्यांना. काय काय म्हणालात ते मला सांगतात. लगेच उत्तरही देतात."

"उत्तर इथे पोचत नाही गं."

"मग ते परत देतात. परत देतात. नंतर हेडफोन काढून ठेवतात आणि जेवायला येत नाहीत. त्यांना वाटतं, तुम्हाला आता ते नकोत." पलीकडे भांडी ठेवल्याचा आवाज आला. "खरं सांगू? हा गुरुवार शेवटचा. नंतर मी तार काढून टाकणार आहे. दर आठवड्याला त्यांना असं बघवत नाही मला."

डॉक्टरीणबाईंनी फोन बंद केला.

"वय झालं मास्तरांचं," काका म्हणाले. "मोर्सची कळ दाबली जात नसेल नीट. त्यांना वाटत असेल, आपण पाठवतोय."

मित्रांनो, मास्तर उत्तर देतात हा पुरावा त्या खोलीत येऊन गेला होता. म्हाताऱ्या माणसाने दिला म्हणून तो पुराव्यांत धरला गेला नाही.

शेवटचा गुरुवार आला. स्पर्धा जवळ आल्यामुळे त्या संध्याकाळी सरावही ठेवला होता. हा खेळ असा: एक छोटा प्रेषक कोठेतरी लपवतात आणि स्पर्धक हातातल्या रिसीव्हरने तो हुडकतात. त्या रिसीव्हरची अँटेना माझ्यासारखी अडाणी नसते. ती फिरवली की आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळते. एका संघात माणूस कमी पडत होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी नाव दिले होते. येता येताच त्या सराव करणार होत्या. फलक त्या दिवशी काकांनी लावला. बेकरीवाल्याने प्रेषक स्वतःच्याच बेकरीत, पिठाच्या पोत्यामागे दडवला होता आणि त्या युक्तीवर तो फार खूश होता.

रस्त्यावर काय घडले ते मी पाहिलेले नाही. बाईंनी नंतर सांगितले तेवढेच सांगतो. कोपऱ्यावर त्यांनी अँटेना फिरवली, तर आवाज बेकरीच्या बाजूने न येता क्लबच्या बाजूने आला. त्यांना वाटले, क्लबमध्येच कोण लपवेल, आपले चुकले. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग त्या मुकाट्याने त्या बाजूला चालत राहिल्या.

वर काकांनी मास्तरांना पहिली हाक दिली होती. माझ्या कानात नेहमीची खरखर भरली होती. तेवढ्यात बाई दारात आल्या, हातातला रिसीव्हर पुढे धरून.

"अहो डॉक्टर, इथे कुठे शोधताय?" बेकरीवाला हसत म्हणाला. "तुमच्या संघाचं काही खरं नाही या वेळी."

"गप्प बस जरा," बाई म्हणाल्या.

त्या माझ्यापाशी आल्या, तर आवाज उतरला. खिडकीकडे वळल्या, तर चढला. फलकामागे भिंतीला चिकटून एक काळा अडॅप्टर होता. त्याच्यापाशी तो कर्कश झाला. अडॅप्टरपासून वीतभर अंतरावरून अँटेनाची तार आत येत होती. बाईंनी क्षणभर तिकडे पाहिले आणि प्लग उपटला.

सरकती अक्षरे 'सर्वांना आमं' इथे विझली. खरखर थांबली. आणि त्या शांततेत, एका वाक्याच्या मध्यावर, प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या ठोक्यावर किंचित रेंगाळणारा तो हात होता.

मास्तर विचारत होते: माझा आवाज येतो का? माझा आवाज येतो का?

काका खुर्चीवरून उठले. बाई बसल्या. दुसऱ्यांच्या दातांत सुई घालताना कधी घाई न करणाऱ्या बाईंनी कळ हातात घेतली आणि शब्दाला शब्द चिकटवत घाईघाईने ठोके दिले. त्यांनी पाठवले: येतो, मास्तर. स्वच्छ येतो. चूक आमची होती.

मग उत्तर आले, आणि बाईंनी ते मोठ्याने वाचले.

"'हात बिघडलाय तुझा. दोन शब्दांत अंतर सोड.'"

"काय म्हणतात?" बेकरीवाल्याने विचारले.

"बरे आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बाल्कनीतली तार तशीच राहिली. माझे पुढे काय होणार, ते मैदानी शिबिरानंतर ठरेल. मला त्याची घाई नाही. मी खरोखर थकलो आहे, पण बहिरा नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मित्रांनो, एखादे जुने यंत्र ऐकत नाही किंवा एखादा म्हातारा बोलत नाही असे ठरवण्यापूर्वी, तुमच्या बाजूला काय काय चालू आहे ते एकदा बंद करून पाहा.

दोष संचात नव्हता आणि मास्तरांतही नव्हता. फलकाचा अडॅप्टर स्वस्तातला होता, त्यात विजेची खरखर अडवणारी गाळणी नव्हती, आणि फलक फक्त गुरुवारी लावत.