अभिमान मोजायला निघालेला कागद

मी एक प्रश्नावली. बावीस प्रश्न, दोन पानं आणि कोपऱ्यात एक पिन, एवढाच माझा जीव. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आपल्या वस्तीचा अभिमान किती वाटतो, हे मोजायला मला जन्माला घातलं. ताप मोजतात तसा अभिमान मोजता येतो का, याचं मलाच मोठं कुतूहल होतं!

मला लिहिणाऱ्या संशोधक बाईंनी प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे मांडले. मुळीच पटत नसेल तर एक, अगदी पटत असेल तर पाच. प्रश्न मुलांना कळतात का, हे आधी तपासायचं होतं. म्हणून मी एका शाळेत सातवीच्या वर्गात पोहोचले.

खिडकीजवळच्या एका मुलीने मला दोनदा वाचलं. ‘मला माझ्या वस्तीचा अभिमान वाटतो’ यापुढे तिने सरळ एकला गोल केला. मी हिरमुसले. पण पुढे ‘वस्तीला कोणी नावं ठेवली तर मला राग येतो’ इथे पाच! तेही इतकं दाबून, की मी फाटता फाटता वाचले.

तेवढ्यात वर्गशिक्षक मागे येऊन कुजबुजले, “अगं, एक काय? आपलीच लाज जाईल. पाच कर.”

“सर, खोटं लिहू?”

सर पुढच्या बाकाकडे सरकले.

संध्याकाळी बाईंचे वरिष्ठ मला पाहून म्हणाले, “उत्तरांचा मेळ लागत नाही. कुणीतरी थट्टा केलीय. काढून टाका.”

मला धडकीच भरली. पण बाई म्हणाल्या, “थट्टा करणारं पोर एवढं दाबून लिहीत नाही, सर. मी विचारून येते.”

माझ्यावर नाव नव्हतं, पण बाकाचा क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात मला पाहताच मुलगी घाबरली. “माझं काही चुकलं का?”

“चुकलं असेल तर माझं. अभिमान म्हणजे काय गं?”

“बक्षीस मिळालं की वाटतो तो. आमच्या वस्तीला कुठे काय मिळालंय? रस्त्यावरचे दिवेसुद्धा बंद.”

“मग राग का येतो?”

“बाबांचा पाय मोडला होता. खालचे काका आणि त्यांचे दोन मुलगे त्यांना खुर्चीत बसवून चार जिने चढवायचे-उतरवायचे. दीड महिना! हाकसुद्धा मारावी लागली नाही. अशा माणसांना कोणी वाईट बोललं, तर ऐकून घेऊ?”

“हे सांगताना कसं वाटतं?”

“छाती फुगते,” ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. “अय्या! म्हणजे हाच का तो?”

बाई खळखळून हसल्या. मग अभिमानाचा तो प्रश्न खोडून त्यांनी वर लिहिलं, ‘अडचणीला आमच्या वस्तीतली माणसं न बोलावता येतात, हे मी दुसऱ्यांना आवडीने सांगेन.’

“मी एकचा पाच करू?” मुलीने विचारलं.

“नको. तुझ्या एकनेच मला शिकवलं.”

आता ते नवं वाक्य घेऊन माझी धाकटी बहीण शाळाशाळांतून फिरते. मी फायलीत पडून आहे, पिनेला गंज चढलाय. खंत नाही. एकच मागणं आहे. ती कधी तुमच्या मुलाकडे आली आणि त्याने एकला गोल केला, तर रागावू नका. “का रे?” एवढंच विचारा, आणि ऐकायला बसा.