चौदा वायरी आणि माझं नाव

श्रावणात सूर्योदयापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. लिहिते, स्वयंपाक करते, ऑफिसचं काम करते. बोलत तेवढं नाही. बारा वर्षांचं व्रत आहे आणि ऑफिसात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी भवानी पेठेतल्या घरातून बंगळूरच्या एका कंपनीसाठी चिपची शेवटची तपासणी करते. आमची मीटिंग नेहमी अकराला. त्या मंगळवारी प्रोजेक्ट मॅनेजर अनीश सरांनी ती परस्पर नऊला घेतली.

चिप इन्शुलिनच्या पंपासाठी होती, पोटाला चिकटवून ठेवतात त्या. तिच्यात एक भाग इन्शुलिन मोजणारा, एक ते ढकलणारी मोटर चालवणारा. दोन्ही १.१ व्होल्टवर चालायचे. बॅटरी जास्त टिकावी म्हणून जुलैत मोजणाऱ्या भागाला ०.६ वर आणलं. त्याच्याकडून मोटरकडे चौदा वायरी जातात. त्यातली एक सांगते, थांब, इन्शुलिन पुरे.

आता ०.६ ने सगळा जोर लावून सांगितलेलं 'थांब' १.१ च्या भागाला जेमतेम निम्मं पोचतं. हो म्हणतोय की नाही, ते त्याला ठरवता येत नाही. म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर बसवतात. अलीकडचं हळू बोलणं ऐकून तेच पलीकडच्या व्होल्टेजला सांगणारा एवढासा भाग. आमच्या चौदा वायरींवर तो नव्हता. तरी तपासणीत एकही लाल खूण आली नाही, कारण तपासणीतून वगळायच्या गोष्टींच्या यादीत एक सूट लिहिलेली होती. 'दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, शिफ्टर नको.' खाली नाव माझं. मार्चमध्ये ते खरं होतं.

मीटिंगमध्ये अनीश सरांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मी चॅटमध्ये लिहिलं, 'माझी आहे. मार्चची सूट आता लागू नाही.' ते तीन-चार सेकंद थांबले आणि पुढे गेले. दुपारी मिनिट्स, म्हणजे मीटिंगची लेखी नोंद, आले. 'हरकत नाही. दाक्षायणी यांची संमती.'

मी फोन केला.

"चॅट कोण वाचतं, मॅडम? बोलायचं ना."

"मी दहापर्यंत बोलत नाही, सर."

"अहो, सिम्युलेशनमध्ये व्यवस्थित चाललंय की."

"तुम्ही ते १.१ वरच चालवलंय. मी सकाळी ०.६ वर चालवलं. 'थांब' पोचत नाही. तुम्हाला पाठवलंय."

"शिफ्टर घालायचे तर जागा करावी लागेल, दोन आठवडे जातील. उद्या नऊला चिप कारखान्याला सोडायची आहे." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "एवढंच असेल तर उद्या एक दिवस मौन सोडा आणि बोला. देव समजून घेईल."

"देव घेईल, सर. तुम्ही घ्याल का, ते उद्या बघू."

माझ्या सासूबाई, काशम्मा, पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचं एक वाक्य चार घरं ऐकतात.

"काय म्हणतोय गं साहेब?"

"मोठ्याने बोल म्हणतात."

"मग बोल की. लई हळू बोलतीस तू, मला बी ऐकू येत न्हाय."

मी त्यांना चौदा वायरींचं सांगितलं. त्यांनी दोन शेंगा फोडेपर्यंत विचार केला.

"म्हंजे त्या बारक्याला कुणी वरड म्हणत न्हाय?"

"नाही. त्याचं व्होल्टेज वाढवलं तर बॅटरी संपते. मध्ये ऐकणारा बसवायचा असतो."

"मग बसवा की. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी पूजा करून नऊला मीटिंगला बसले. आमचे मुख्य, गंगाधर सर, स्वतः आले होते. अनीश सर म्हणाले, "सगळं क्लिअर आहे, सर. सोडू या."

मी काही न बोलता माझा स्क्रीन सगळ्यांना दाखवला. ती सूट असलेली यादी उघडली, त्या ओळीतलं माझं नाव खोडलं आणि तपासणी पुन्हा चालवली. सही नसलेली सूट आमची प्रणाली धरत नाही. चौदा लाल ओळी एकाखाली एक उतरल्या. त्यांच्या शेजारी मी कालचा आलेख ठेवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रुग्णाला ज्यादा इन्शुलिन जाईल. ज्यांना हे चालतं, त्यांनी इथे स्वतःचं नाव घालावं.'

नावाच्या रिकाम्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला.

"अनीश, घाल तुझं," गंगाधर सर म्हणाले.

"मी कसं घालू, सर? तो मॅडमचा विषय आहे."

"काल मिनिट्समध्ये त्यांच्या वतीने घातलंस की."

त्या सकाळी माझ्याबरोबर सगळ्यांनीच मौन धरलं.

"शिफ्टर घाला," गंगाधर सर म्हणाले. "दोन आठवडे."

दहा वाजून दोन मिनिटांनी अनीश सरांचा फोन आला.

"झालं समाधान, मॅडम?"

"अजून नाही," मी म्हटलं. दिवसाचे माझे पहिले शब्द ते. "कालच्या मिनिट्समध्ये माझी संमती लिहिली आहे. ती काढा आणि हरकत लिहा."

"बरं, संध्याकाळपर्यंत बघतो."

"आत्ता काढा, सर. मी फोन धरून आहे."