मीठ मागणारा डिशवॉशर

मी डिशवॉशर बोलतोय. कोन नावाच्या गावातल्या, शेत गोदामाला देऊन बांधलेल्या बंगल्यातला. आलो तो साहेबी ऐटीत. इथल्या बोअरच्या जड पाण्यानं आठवड्यात ऐट उतरवली. पोटात जाडं मीठ असेल तरच मी हे पाणी मऊ करतो, नाहीतर ताटांवर पांढरे डाग. एवढं चकचकीत यंत्र, आणि अडतं मिठापाशी!

मीठ भरायची विनिता, घरची सून. मला हट्टानं आणलं तिनंच. तिची सासू धोंडूबाई मला 'भिजकं कपाट' म्हणायची.

मग विनिता गेली. दुखणं थोडक्यातलं होतं.

मीठ संपलं, माझा लाल दिवा लागला. घराला लोडशेडिंगची सवय. सगळ्यांना वाटलं, वीज आल्याची खूण. माझ्याकडं बघून पंख्याची बटणं दाबली जायची. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

ताटं मात्र पांढरी निघू लागली. विनिताचा नवरा मनोज म्हणाला, "आई, रविवारी देऊन टाकतो भंगारात."

दुसऱ्या दिवसापासून ताटं लखलखीत! मला वाटलं, धाकानं सुधारलो. फुशारकीनं जास्तच घरघरलो.

एका सकाळी मनोज लवकर उठला. धोंडूबाई मोरीपाशी माझ्यातलीच ताटं लिंबाच्या सालीनं घासत होती.

"आई, मशीन असताना?"

"मशीनच धुतं रे. मी नुसती पुसते."

"रोज?"

ती घासतच राहिली. "नको विकू. तिच्या हातची चालती वस्तू हीच एक हाय घरात."

मनोजनं ओट्याखाली मशीनचं काही ठेवलंय का शोधलं, तर विनितानं रबर लावून ठेवलेलं मिठाचं पाकीट सापडलं. त्यावरचं चित्र बघून त्यानं माझ्या तळातलं झाकण फिरवलं आणि मीठ ओतलं. आतलं पाणी भसकन वर आलं.

"फुटलं वाटतं!"

"न्हाय रे, तिच्या वेळी पण यायचं. गळकं आणलंस म्हणून हसायचे मी तिला."

लगेच मला चालू केलं. थोड्या वेळानं दिवा विझला.

"गेली लाईट!" धोंडूबाई म्हणाली. दोघं आधी फिरत्या पंख्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिली.

रिकाम्या पाकिटाची मनोजनं नीट घडी केली. "दुकानात दाखवायला लागेल," म्हणाला. तसली नवी पाकिटं केव्हाच आली. जुनं अजून त्याच्या खिशात आहे.

मला ठेवलं ते माझ्या धुण्यासाठी नाही, एवढं मला कळतं. चालेल. फक्त मीठ वेळेवर घाला. म्हातारीच्या बोटांना लिंबू फार झोंबतं.