फुगे लावायचे राहिले

नववीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पोरं मागून ‘तराजू’ म्हणायची. त्यांच्याच वर्गात त्यांची सख्खी भाची होती. भाचीचे लाड करतो असं कुणी म्हणू नये, म्हणून हा मामा तिच्यावर सगळ्यांपेक्षा जास्त खेकसायचा. न्याय बघा!

त्या दिवशीचा प्रयोग अगदी सोपा होता. बाटलीत व्हिनेगर घ्यायचं, वजन करायचं, त्यात वजन केलेला खाण्याचा सोडा टाकायचा आणि पुन्हा वजन करायचं. रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान घटत नाही की वाढत नाही, एवढंच दाखवायचं होतं. “आधीचं आणि नंतरचं सारखं आलं पाहिजे हं!” सरांनी सुरुवातीलाच बजावलं. बाटल्या फसफसल्या, वजनं झाली. सर एकेका टेबलाला विचारत गेले.

“सारखंच, सर.”

“सारखंच.”

“अगदी तंतोतंत, सर!”

सरांची कळी खुलली. मग भाची उठली. “सर, आमचं कमी भरलं.”

“कमी? वा! अख्ख्या जगाने मानलेला नियम बाईसाहेबांनी मोडीत काढला!” वर्ग खो खो हसला. “डोळे उघडे ठेवून वजन करायचं असतं.”

“दोनदा केलं, सर.”

“वर तोंड करून बोलतेस? विज्ञान प्रदर्शनाच्या गटातून तुझं नाव कट. बस खाली.”

ती बसली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती.

सर आपलं टेबल आवरायला वळले आणि हाताला फुग्यांचं पाकीट लागलं. न फोडलेलं. अरे देवा! बाटल्यांच्या तोंडावर बसवायचे फुगे! सोडा पडला की वायू निघतो. तो फुग्यात अडकला तरच वजन कायम राहतं. तोंड उघडं राहिलं तर वायू गेला हवेत, वजन कमीच भरणार. म्हणजे अख्ख्या वर्गात ती एकटी खरं बोलली होती. बाकीच्यांनी सरांना हवं ते सांगितलं होतं, आणि सर खूश झाले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकीट गुपचूप खिशात घालता आलं असतं. तसं मनात आलं, याचीही त्यांना लाज वाटली. त्यांनी ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“फुगे द्यायचे मीच विसरलो. हिला उगाच बोललो. चूक माझी आहे.” मग भाचीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “तुझं नाव गटात आहेच. सांग बाळ, किती कमी भरलं होतं?”

तिने एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

“नाही सर, मीच नीट पाहिलं नव्हतं. सारखंच होतं.”

“अगं, मी सांगतोय ना, कमीच होतं!”

“बरं सर,” ती पटकन म्हणाली. “मग कमी.”