गॅलरीत पेरलेलं बी

अभय घर सोडून गेला तेव्हा त्याने दोन बॅगा नेल्या. धायरीच्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या निवडुंगाच्या कुंड्या आणि म्हातारे वडील मागेच ठेवले. खराडीला दुसरीबरोबर राहतोय, हे त्याने बायकोला, आम्रपालीला, फोनवर सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने ऐकून घेतलं, पोळ्या केल्या, सासऱ्यांना वाढलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली; आलं नाही.

जायच्या आधी त्याने दरवर्षीसारखे रंगाच्या ब्रशने एका निवडुंगाचे पराग दुसऱ्याच्या फुलांना लावले होते. फळं धरली तेव्हा तो नव्हता. उन्हाळ्यात काट्यांमधून लाल मिरच्यांसारखी फळांची टोकं वर आली. आम्रपालीने ती चिमट्याने ओढून काढली, चहाच्या गाळणीत चोळून धुतली, मोहरीहून बारीक बी कागदावर वाळवलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. ऑफिसातून आल्यावर हातांना काहीतरी हवं होतं, इतकंच.

पसरट डब्यात वाळूमिश्रित माती भरून तिने बी वरच्यावर पेरलं, तळातून पाणी दिलं, वर प्लॅस्टिक ताणलं. सासरे, बापूराव, खुर्ची ओढून शेजारी बसत. मुलाबद्दल अवाक्षर काढत नसत. काही उगवलंय का, एवढंच विचारत. एका सकाळी हिरवे ठिपके दिसले. बापूरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आपल्याला आता आनंद व्हायला हवा, असं आम्रपालीला वाटलं.

जूनमध्ये अभय टेम्पो घेऊन कुंड्या न्यायला आला. तिने अडवलं नाही, उलट गुंडाळायला रद्दी काढून दिली. शेवटी तो डब्यापाशी वाकला.

"हे माझ्याच झाडांचं बी ना?"

"पेरलंय मी. ते इथेच राहील."

त्याने तरी हात पुढे केला. तेव्हा बापूराव खुर्चीतून म्हणाले, "झाडं न्यायची बरी आठवण राहिली. बापाला कधी नेणार आहेस?"

तिकडे जागा लहान आहे, असं काहीतरी पुटपुटत अभय खाली उतरला.

पावसाळ्यात बरीच रोपं सडली. उरलेली तिने दिवाळीनंतर एकेक वेगळी करून छोट्या कुंड्यांत लावली. फुलं कधी येतील, असं बापूरावांनी विचारलं. तीन-चार वर्षं तरी लागतील, ती म्हणाली. त्यांनी एका कुंडीतली माती बोटाने सारखी केली.

"मी जड होत असेन तर सांग. गावी जाईन."

"गावी कोण आहे, बाबा?"

कोणीच नव्हतं. तिला त्यांची दया आली नाही, मायाही दाटून आली नाही. माती लागलेले हात तिने धुतले.

"मग राहा," ती म्हणाली आणि दोघांपुरता भात लावायला आत गेली.