ओळखीचे यंत्र

"पुन्हा आत घेतलं," उत्तरेश्वर म्हणाले आणि खुर्ची मागे सारून पडद्याकडे पाहू लागले. घरच्या राखणदार कुत्र्याने वाटेल त्याच्यापुढे शेपूट हलवावी, तशी त्या सर्व्हरची गत झाली होती.

"पासवर्ड न विचारता?" शेजारच्या टेबलावरून अक्षताने विचारले.

"विचारण्याची तसदीही न घेता."

कर्वेनगरातल्या त्या संस्थेत जुन्या मासिकांतील लेखांची सूची ज्या सर्व्हरवर साठवली होती, त्याची राखण उत्तरेश्वर ऐन उमेदीपासून करीत आले होते. सर्व्हर तळमजल्यावर, ही मंडळी वरच्या मजल्यावरून, आपापल्या यंत्रावरून, त्यात शिरत. उत्तरेश्वर आजवर पासवर्डाने नव्हे, किल्लीने शिरत. किल्ली म्हणजे अक्षरांच्या लांबच लांब ओळींची जोडी. एक आपल्या यंत्रात, दुसरी सर्व्हरवर. दोघींचे जुळले की दार उघडे. नव्या नियमाने किल्ल्यांवर बंदी आली. विभागाची सूत्रे नुकतीच हाती आलेल्या अक्षताने ती काल अमलात आणली आणि उत्तरेश्वरांनी सर्व्हरवरची आपली ओळ स्वतः पुसली. तरी दार सताड उघडेच.

"सर, आज संध्याकाळच्या आत विश्वस्तांना अहवाल जायचाय. कारण सापडलं नाही तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे."

"आणि मी?"

"ग्रंथालयात. पुस्तकं निदान कुणाच्या नकळत उघडत नाहीत, असं अध्यक्ष म्हणाले."

उत्तरेश्वरांनी पासवर्ड बदलला. आपल्या यंत्रातली किल्लीही काढून टाकली. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. अक्षताच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या नावाने शिरू पाहिले, तेव्हा सर्व्हरने सरकारी कारकुनाच्या तुटकपणाने पासवर्ड मागितला. आपल्या यंत्रापाशी परत आले, तर पुन्हा तेच आगतस्वागत. एकच माणूस, एकच नाव, एकच दार. आणि एका बाजूने येणाऱ्याला पायघड्या, दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला जाब. जन्मभर ज्यांनी कार्य दिसले की कारण हुडकले, त्यांना आज कार्य डोळ्यांदेखत घडत असून कारण कुठेच दिसेना.

"तुमच्यावर जीव असेल त्याचा," अक्षता म्हणाली.

"अहवालात तसं लिहिणार आहात?"

"नाही. म्हणून तर विचारतेय, दुसरं काही आहे का?"

होते, फार सरळ होते, म्हणूनच सुचले नव्हते. त्यांनी सर्व्हरवर आणि आपल्या यंत्रावर एका कोऱ्या नावाचे खाते उघडले. त्या नावाला ना किल्ली होती, ना इतिहास. तरीही सर्व्हरने त्याला निमूटपणे आत घेतले.

"म्हणजे तो मला ओळखतच नाही," उत्तरेश्वर सावकाश म्हणाले. "हा डबा ओळखतो. इथे बसेल तो त्याच्या घरचा."

मग शोध सोपा झाला. किल्ल्यांच्या नियमाशी ज्याचा संबंधच नव्हता, अशी एक जुनी तरतूद सर्व्हरच्या मांडणीत निघाली: अमुक यंत्रावरून येणाऱ्याला काही विचारू नये. यंत्र एकच नोंदलेले होते, उत्तरेश्वरांचे. तेच, जे बदलू देण्यास ते दरवर्षी वाद घालून नकार देत आले होते.

"हे तुम्ही केलंत?"

"मी नाही."

"मग अधिकार आणखी कुणाला होता?"

"रामदासांना."

रामदास त्यांचे सहकारी. येरवड्याहून स्कूटरने येत, कमी बोलत आणि बोलले तर टोचून बोलत. त्यांना देवाघरी जाऊन वर्ष झाले होते.

"मग झालं," अक्षता टंकू लागली. "माजी कर्मचाऱ्याने ठेवलेला चोरदरवाजा."

"थांबा."

उत्तरेश्वरांनी काल पुसलेल्या ओळीची प्रत उघडली. प्रत ठेवल्याखेरीज ते काहीच पुसत नसत. किल्लीची ओळ मधोमध तुटून दोन ओळींत पडली होती. अशी किल्ली चालत नाही. ही कधीच चालली नसणार.

कोथरूडच्या उतारावर स्कूटर घसरून उजवे मनगट मोडले, त्या दिवसांत, प्लास्टरात हात असताना, उत्तरेश्वरांनी ती डाव्या हाताने बसवली होती. लांबलचक पासवर्ड टंकणे जमत नव्हते. "नीट बसली का ते एकदा बघू का?" रामदासांनी विचारले होते. त्यावर किल्ली कशी बसवावी याचे व्याख्यान त्यांना ऐकावे लागले. दुसऱ्या दिवशी दार उघडले. "पाहिलंत?" उत्तरेश्वर म्हणाले होते. "पाहिलं," रामदास म्हणाले होते.

आणि दुसरा कुणी पासवर्ड टाकत असताना आपण मान फिरवायची, हा उत्तरेश्वरांनीच घालून दिलेला दंडक रामदास त्यानंतरही, रोज, पाळत राहिले. "अहो, माझ्याकडे किल्ली आहे, मान कशाला फिरवता?" यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "शिस्त आपलीच आहे, साहेब." खिडकीकडे वळलेल्या त्या चेहऱ्यावर तेव्हा काय असे? हसू? कीव? की खरोखरच केवळ शिस्त? उत्तरेश्वरांनी तिन्ही शक्यता मनात मांडल्या, तिन्हींच्या बाजूने युक्तिवाद केला आणि एकही टिकेना.

"सर, काय लिहू?"

"चोरदरवाजा नव्हे. चोरदरवाजा स्वतःसाठी ठेवतात. रामदासांच्या यंत्राला सर्व्हर शेवटपर्यंत पासवर्ड विचारत होता. सोय लिहा."

"कुणाची, असं विश्वस्त विचारतील."

"माझी. मनगट मोडलं होतं आणि किल्ली मी चुकीची बसवली होती. दोन्ही लिहा."

अक्षता दोन्ही टंकू लागली.

उत्तरेश्वरांनी ती तरतूद रद्द केली. तिची मात्र प्रत ठेवली नाही. मग नेहमीप्रमाणे सर्व्हरला हाक दिली. पडद्यावर पासवर्डाची मागणी उमटली. इतक्या वर्षांत या खुर्चीवर प्रथमच. थंडीत आखडणारे मनगट त्यांनी डाव्या हाताने चोळले आणि एक एक कळ दाबू लागले. पहिल्यांदा चुकले.

कुणी न सांगता अक्षताने मान खिडकीकडे फिरवली होती. त्या फिरवलेल्या मानेकडे उत्तरेश्वर बराच वेळ पाहत राहिले. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून टंकू लागले.