कडेच्या शेतात काय लावायचं?

दुपारची जेवणं चालली होती. थोरल्या सुनेच्या धाकट्या दिराने मोबाइल भिंतीला टेकवून तोच व्हिडिओ पुन्हा लावला होता. या दिराला सगळे फटाक्या म्हणत. जरा काही बोललं की भडकलाच. व्हिडिओत एक जळता टायर हवेतून गेला, हत्तीच्या पिल्लाच्या पाठीवर पडला आणि तिथेच चिकटला. पिल्लू किंचाळत केळीच्या बागेतून पळालं. जेवणारे सगळे खो खो हसले.

"नेम बघा नेम!" फटाक्या म्हणाला. "लोक वेडे झालेत हे बघून."

थोरली सून भाजी वाढत होती. व्हिडिओत एक बाई ओरडत होती, "आणखी एक टाका! सोडू नका त्याला!" तो आवाज तिचाच होता.

तिने पातेलं खाली ठेवलं. न जेवताच ती परसात निघून गेली.

तिचा राग काही खोटा नव्हता. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, त्यामुळे जंगलाला लागून असलेली शेती ती आणि दीरच बघत. काढणीला आलेला ऊस, घड धरलेल्या केळी हत्ती एका फेरीत झोपवून जायचे. गेल्या हंगामात शेजारच्या दूधवाल्याला हत्तीने चिरडलं होतं. तेव्हापासून लोक टायर पेटवू लागले. पण हळूहळू राखण राहिली बाजूला आणि त्याचा तमाशा झाला. माणसं खुर्च्या घेऊन येऊ लागली, पोरांना खांद्यावर बसवून दाखवू लागली. आणि तीही त्यातलीच एक होती!

काही दिवसांनी ओढ्याकडून घाण वास यायला लागला. पाण्याचा पंप बघायला गेलेल्या थोरलीला तेच पिल्लू दिसलं. ते गुडघाभर पाण्यात उभं होतं. टायरच्या तारा पाठीच्या मांसात रुतल्या होत्या, कडेने पू वाहत होता आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. सोंडेने चिखल उडवून ते माशा हाकलत होतं. काठावर चार-पाच जण मोबाइल धरून उभे होते. एकजण नाकाला रुमाल लावून हसऱ्या तोंडाने स्वतःचा फोटो काढत होता.

थोरली झाडाआड जाऊन भडाभडा ओकली. मग तिने वनखात्याला फोन केला.

जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पिल्लाला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि काठावरच्या माणसांकडे पाहिलं. "अहो, बादली धरायला कुणीतरी या!" कुणीच हललं नाही. थोरली पदर खोचून पाण्यात उतरली.

तारा उपटता उपटता डॉक्टरबाई बोलत होत्या. "तुमचा राग मला कळतो, ताई. पण जंगलाच्या ऐन कडेला ऊस, केळी, मका! एवढं गोडधोड त्यांच्या नाकासमोर वाढून ठेवायचं आणि खायला आले की अंगावर आग टाकायची? ही कसली राखण? हा छळ आहे!"

"मग शेत ओसाड टाकायचं का आम्ही?"

"ओसाड कशाला? कडेला हळद लावा, आलं लावा, मिरची लावा. लिंबाचं कुंपण करा. हत्ती सहसा त्याला तोंड लावत नाहीत. ऊस-केळी आत, घरांच्या बाजूला घ्या. आणि नदीवर जायची त्यांची जुनी वाट मोकळी सोडा."

"म्हणजे मग येणारच नाहीत?"

"खोटं कशाला सांगू? येतील. थोडंफार तुडवतीलही. पण खायला मिळेना म्हटल्यावर मुक्काम ठोकणार नाहीत. मात्र हे एकट्याने करून भागायचं नाही. शेजाऱ्याचा ऊस कडेलाच राहिला, तर तुमच्या हळदीतून वाट पडेल. आणि हो, लावायच्या आधी माल घेणारा शोधा."

पिल्लू गुंगीतून उठलंच नाही.

थोरलीने घरी विषय काढला तेव्हा फटाक्या फिदीफिदी हसला. "वहिनी, आता हत्तींना विचारून पेरणी करायची? उद्या उंदरांचीही बैठक बोलवा!"

तिने बैठक बोलावली, पण कडेच्या शेतकऱ्यांची. आधी मसाल्याच्या कारखान्यात जाऊन मालकाकडून हळद-मिरची घ्यायचा शब्द आणला. मग सगळ्यांसमोर मोबाइल पालथा ठेवून तो व्हिडिओ लावला. चित्र नाही, नुसता आवाज. खदाखदा हसणं, शिट्ट्या, आणि मधूनच पिल्लाची किंकाळी.

"सोडू नका म्हणणारी ही बाई मी आहे," ती म्हणाली. "मला स्वतःची किळस येते. तुम्हाला येत नाही?"

"दूधवाला गेला, ते विसरलात का वहिनी?" फटाक्या उसळला.

मागून दूधवाल्याची बायको उठली. "त्यांचं नाव घेऊ नका, भाऊजी! तुमच्या टायरने माझा माणूस परत आला का? उलट पिसाळलेला हत्ती उद्या आणखी कुणाच्या तरी घरावर येईल. माझ्या दुःखाची तुम्ही जत्रा केलीत! शी! माणसं आहात का कोण?"

फटाक्या मटकन खाली बसला. "तो टायर मीच टाकला होता," तो पुटपुटला. "वहिनी, कडेची केळी मी काढतो. उद्यापासूनच."

त्या हंगामात कडेने हळद, आलं आणि मिरची उभी राहिली. दोघांनी हट्टाने ऊस ठेवला, तो हत्तींनी खाल्ला. पुढच्या वर्षी ते दोघेही आपणहून हळदीकडे वळले. एकदा कळप थेट शेतापर्यंत आला. फटाक्या हाताची घडी घालून लांब उभा होता. हत्तींनी पानं हुंगली, फुरफुरले, हळदीचे काही वाफे तुडवले आणि मोकळ्या वाटेने नदीकडे निघून गेले. तुडवलेले वाफे त्याने पुन्हा भरले. शिवी तेवढी एक दिली, पण दगड उचलला नाही.

वाचकहो, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि त्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? कडेला पिकलेली ती हळद, ती मिरची तुम्ही-आम्ही घेतली पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेवू या. काय गोड लागावं, हे हत्तीला ठरवता येत नाही. जंगलाच्या कडेला काय लावायचं, हे माणसाला ठरवता येतं. ज्याला ठरवता येतं, आधी बदलायचं त्यानेच!